ड्रॉइंग कुणाचं? ‘टेक कंपनी’ म्हणजे नेमकी कुठली कंपनी

गणपतीला भाचा पुण्याहून आला की आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरात एक वाद ठरलेला असतो. तो एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, गाड्यांच्या ब्रेकसाठी कोड लिहितो. मी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघतो, आमच्याकडे ब्रेकच्या डिस्क ओतल्या जातात. म्हणजे ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडला की एका टोकाला त्याचं काम आणि दुसऱ्या टोकाला माझं. तरी नातेवाईक ओळख करून देतात ती अशी, की हा ‘टेक’मध्ये आहे आणि मामा फौंड्रीत.

जुलै २०२५ मध्ये मुंबईत टेस्लाचं शोरूम उघडलं आणि साठ लाखांच्या गाडीचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, टेस्लाला मोटार कंपनी समजू नका. ती टेक कंपनी आहे.”

“ती विकते काय?”

“गाड्या.”

“आणि मारुती?”

तो गप्प बसला. मीही बसलो, कारण मारुतीला टेक का म्हणत नाहीत हे मलाही सांगता येईना. त्या रात्रीपासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. आमच्या भागात त्यावर बरंच अवलंबून आहे. बारावीनंतर मुलगी कम्प्युटर घेणार की मेकॅनिकल, बाप आपल्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे कुठल्या शेअरात घालणार, मुलीचा बाप स्थळ बघताना कुणाला होकार देणार, या सगळ्यांच्या मुळाशी हा ‘टेक’ शब्द बसलेला असतो.

नांगर, माग आणि तंत्रज्ञान

तंत्रज्ञान म्हणजे कॉम्प्युटर, हा समज फार जुना नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बेळगावातच सायकलचं दुकान काढलं. पुढे ते कडबा कापायची यंत्रं करू लागले आणि १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची भीती होती. सुरुवातीची काही वर्षं नांगर खपता खपेनात. मग बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या काळी ‘टेक कंपनी’ हा शब्द असता, तर तो याच कारखान्याला लागला असता.

तिकडे जपानात साकिची टोयोदा नावाचा माणूस मागाच्या मागे लागला होता. धागा तुटला की माग आपोआप थांबायला हवा, हे त्याचं वेड. बेळगावच्या शहापूर-वडगावात ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना याचं मोल सांगायला नको. धागा तुटलेला लक्षात आला नाही की पुढचं सगळं कापड वाया. टोयोदाचा १९२४ सालचा माग हे स्वतः ओळखायचा. १९२९ मध्ये त्याचे हक्क एका इंग्रज कंपनीने एक लाख पौंडांना घेतले. याच घराण्याच्या मागाच्या कारखान्यातून पुढे मोटारींचा विभाग निघाला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी झाली. साठ वर्षांनी, १९९७ मध्ये, टोयोटा आणि किर्लोस्कर यांनी बंगळूरजवळ बिडदीला मिळून कंपनी काढली. मागवाला आणि सायकल दुकानवाला असे एका गेटावर आले. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून जरा रेंगाळलो.

तर तंत्रज्ञान म्हणजे एखादी अडचण एकदा सोडवून, ती उकल पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी बांधून ठेवणं. मग ती लोखंडात बांधलेली असो, मागात असो की कोडमध्ये.

आमच्या भट्टीजवळ उभे राहिलात तर हे डोळ्यांनी दिसेल. लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असताना पळीभर काढून तांब्याच्या छोट्या साच्यात ओततात. नाण्यासारखी चकती मिळते. ती घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवली की चट्‌कन ठिणगी उडते आणि पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचे आकडे येतात. ब्रेकच्या डिस्कमध्ये कार्बन जास्त असला की उष्णता लवकर वाहून जाते, पण ताकद घटते. कमी असला की ताकद मिळते, पण डिस्क तापते. या दोहोंच्या मधली बारीकशी जागा सापडायला आमच्या लोकांची कित्येक वर्षं गेली आहेत. हे तंत्रज्ञान नव्हे, असं मला कुणी म्हणू नये.

कुंदा आणि कुंद्याची कृती

मग मारुती आणि मायक्रोसॉफ्टमध्ये फरक काय? फरक मोठा आहे, आणि तो कुंद्यावरून, म्हणजे आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईवरून, चटकन समजतो.

एक किलो कुंदा करायला दूध आटवावं लागतं, ते परतत तासन्‌तास उभं राहावं लागतं. दुसरा किलो करायला पुन्हा तेवढंच दूध, तेवढाच गॅस, तेवढेच हात. पण कुंद्याची कृती कागदावर लिहिली आणि मोबाइलवरून हजार जणांना पाठवली, तर हजाराव्या माणसामागे खर्च जवळपास शून्य. गाडी म्हणजे कुंदा. सॉफ्टवेअर म्हणजे कृती. पहिली प्रत तयार करायला प्रचंड खर्च येतो, पुढच्या प्रती फुकटात निघतात.

याचा परिणाम नफ्याच्या हिशेबात दिसतो. २०२३-२४ मध्ये मारुतीने २१ लाखांहून जास्त गाड्या विकल्या. विक्री सुमारे १ लाख ३५ हजार कोटी रुपयांची, निव्वळ नफा सुमारे १३,२०० कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे दहा रुपये. साधारण त्याच काळात मायक्रोसॉफ्टला शंभरामागे छत्तीस सुटले. शेअर बाजाराला ‘टेक’ शब्द गोड लागतो तो या छत्तिसांमुळे. त्याला लोखंड-प्लास्टिकशी वैर नाही. पुढची प्रत किती स्वस्तात निघते, एवढंच तो बघतो.

मग इन्फोसिससारख्या आपल्या कंपन्यांचं काय? त्याच वर्षी इन्फोसिसची विक्री सुमारे १ लाख ५४ हजार कोटी, नफा सुमारे २६,२०० कोटी. शंभरामागे सतरा. मारुतीपेक्षा जास्त, पण मायक्रोसॉफ्टच्या निम्माही नाही. हा मधला आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

वर्गवारी करणारे काय म्हणतात

शेअर बाजारासाठी कंपन्यांची एक जागतिक वर्गवारी १९९९ पासून चालू आहे. तिच्यात टेस्ला मोटार कंपन्यांच्या खणात आहे, फोर्डच्या शेजारी. ॲमेझॉन त्याच मोठ्या गटात, किरकोळ विक्रीच्या खणात. गूगल आणि फेसबुक २०१८ पर्यंत माहिती तंत्रज्ञानात होत्या, नंतर त्यांना दूरसंचार आणि माध्यमांच्या गटात हलवलं. एका रात्रीत गूगलच्या इंजिनिअरांचं काम बदललं नव्हतं, बदलली फक्त पाटी. त्यामुळे ‘यादीत टेक लिहिलंय’ हा पुरावा मी आता मानत नाही.

“पण आता गाडीतच कॉम्प्युटर बसलाय!”

भाच्याचा हा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि त्यात बरंच तथ्य आहे.

आमच्या चौकातल्या गॅरेजवाल्याकडे बघा. पूर्वी तो कार्बोरेटरचा स्क्रू कानाने ऐकत फिरवायचा. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, कार्बोरेटर गेला आणि दुचाकीतही पेट्रोल कधी किती सोडायचं ते ईसीयू ठरवू लागला. ईसीयू म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, एकेका कामाला एकेक. आता गाडी आली की गॅरेजवाला आधी सीटखालचा सॉकेट शोधतो, स्कॅनर लावतो आणि कोड वाचतो. महागड्या मोटारीत असे सत्तर-ऐंशी ईसीयू असतात.

कोडची ताकद किती, याचं एक उदाहरण २०१८ चं आहे. अमेरिकेत ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने टेस्लाची मॉडेल ३ तपासली. ताशी ६० मैलांवरून ब्रेक दाबल्यावर ती १५२ फुटांवर थांबली, ते अंतर त्यांना फार वाटलं. कंपनीने इंटरनेटवरून नवा कोड पाठवला आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. डिस्क तीच, पॅड तेच, टायर तेच, आणि एकोणीस फूट वाचले. ब्रेकच्या डिस्कवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, ते सांगायची गरज नाही.

याच ताकदीचा गैरवापरही झाला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं. गाडी धूर-तपासणीवर आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारा कोड जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये होता.

मग सगळ्या मोटार कंपन्या टेक झाल्या का? इथे मी भाच्याला अडवतो. कोड गाडीत असणं वेगळं आणि कंपनीला कोड येणं वेगळं. फोक्सवॅगन संशोधनावर खर्च करण्यात जगात पुढे आहे, २०२३ मध्ये तिने त्यावर वीस अब्ज युरोंहून जास्त घातले. २०२० मध्ये तिने सॉफ्टवेअरसाठी वेगळी कंपनी काढली. तरी कोड वेळेवर तयार होईना आणि नवी मॉडेलं रखडली. शेवटी २०२४ मध्ये रिव्हियन या तुलनेने पोरसवदा अमेरिकी कंपनीशी तिने अब्जावधी डॉलरचा करार केला. कारण साधं आहे. गाडीतला एकेक ईसीयू वेगळ्या पुरवठादाराचा, त्याच्या आतला कोडही त्याचाच. कंपनीने वर्षानुवर्षं जोडणी केली, आतलं ज्ञान मात्र बाहेरच राहिलं.

उलट बाजूही पाहा. ॲपलकडे पैसा, कोड, माणसं कशाचीच कमी नाही. सुमारे दहा वर्षं गाडीवर काम करून फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने तो बेत सोडला. आणि पुढच्याच महिन्यात मोबाइलवाल्या शाओमीने चीनमध्ये आपली गाडी विकायला काढली. म्हणजे इकडून तिकडे जाता येतं, पण कुणालाही आणि सहज नाही.

किलोवर बिल, महिन्यावर बिल

आता तो सतरा रुपयांचा आकडा.

गेल्या गणपतीत भाचा पहिल्यांदा आमच्या फौंड्रीत आला. डिस्क हातात घेऊन वजन बघितलं, मग टेबलावरचं ड्रॉइंग बघायला लागला. त्याने उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे चौकटीत भागाचं नाव, नंबर, रिव्हिजन (ड्रॉइंग किती वेळा सुधारलं तो आकडा) आणि गिऱ्हाईक कंपनीचं नाव असतं.

“मामा, तुमचं नाव कुठं आहे?”

“आपलं नाव नसतं रे. ड्रॉइंग त्यांचं, साचा घडवायचा पॅटर्नसुद्धा त्यांचा. आपण ओततो.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आमच्या प्रत्येक फाइलच्या वरच्या ओळीतही त्यांचंच नाव असतं.”

माझ्या डोक्यात सगळा गुंता त्या क्षणी सुटला. आमचं बिल किलोवर होतं. त्याच्या कंपनीचं बिल माणूस आणि महिना यावर होतं: इतके इंजिनिअर, इतके महिने, इतका दर. दोघंही जॉब वर्क करतो, म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर मजुरी. आम्ही एखादी अडचण सोडवली, ब्लोहोल (ओतकामात राहणारी हवेची भोकं) कमी केले, तर फायदा पुढच्या वर्षीच्या दरकपातीतून गिऱ्हाईक घेऊन जातं. त्याने दोन महिन्यांचा कोड एका महिन्यात लिहिला, तर बिल निम्मं होतं. त्याची कंपनी कुंद्याची कृती विकत नाही, ती लग्नाघरी आचारी पाठवते. आचारी उत्तम आहेत आणि त्यांची मजुरी माझ्या मजुरीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, याचा मला आनंद आहे. पण हजार लग्नं उरकायची तर आचारीही त्या हिशेबात लागतात. म्हणून इन्फोसिसला तीन लाखांहून जास्त माणसं लागतात, आणि म्हणून शंभरामागे सतरा.

त्यामुळे माझी कसोटी आता एकच आहे: ड्रॉइंग कुणाचं? ज्या कंपनीकडे सुटलेल्या अडचणीची मालकी राहते आणि जिचं आजचं काम कालच्या कामावर चढत जातं, ती टेक कंपनी. मग ती लोखंड ओतो की कोड लिहो. या कसोटीवर टोयोटा टेक ठरते. गाड्यांचे सुटे भाग करणारी जर्मन बॉश तर ठरतेच, गाडीतले ईसीयू एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात ती पद्धत तिने १९८६ मध्ये जगापुढे ठेवली आणि आजही बहुतेक गाड्यांत तीच आहे. आणि कॉम्प्युटरने भरलेली काचेची इमारत असूनही एखादी कंपनी ठरत नाही.

“मग टेस्लाला एवढा भाव का?”

जुलै २०२० मध्ये टेस्लाचं बाजारमूल्य, म्हणजे सगळ्या शेअरांची मिळून किंमत, टोयोटाच्या पुढे गेलं. आदल्या वर्षी टेस्लाने विकल्या होत्या पावणेचार लाखांपेक्षाही कमी गाड्या, टोयोटाच्या समूहाने एक कोटीहून जास्त. हा भाव आजच्या गाड्यांना नाही. उद्या गाड्या स्वतः चालतील, तो कोड फुकटात नव्या गाडीत उतरेल आणि त्याचं भाडं येत राहील, या आशेला तो आहे. आशा फळेल किंवा फळणार नाही. ती विकत घेताना आपण गाडीचा कारखाना घेतोय असं मात्र समजू नये.

आणि टेस्लाच्या ज्या कामाची इतर मोटार कंपन्यांनी धास्ती घेतली, ते कुठलं माहीत आहे? ओतकाम. मॉडेल ३ च्या मागच्या सांगाड्यात सुमारे सत्तर तुकडे जोडावे लागायचे. कंपनीने सहा हजार टनी यंत्र बसवलं आणि दाबाखाली ॲल्युमिनियम ओतून मॉडेल वायचा तो सांगाडा एका तुकड्यात काढला. भाच्याला हे मी सांगितलं तेव्हा त्याला खरं वाटेना, त्याने मोबाइलवर शोधून बघितलं.

“टेक म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं?”

बिघडतं. उबर म्हणत होती, आम्ही टॅक्सी चालवत नाही, फक्त ॲप देतो, मग टॅक्सीचे नियम आम्हाला कशाला? बार्सिलोनाच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेचा खटला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१७ मध्ये निकाल लागला: ही वाहतूक सेवाच आहे. शब्दाआड नियम लपवता येतात, हे त्या खटल्यात दिसलं.

पैसाही लपतो. वीवर्क कंपनी ऑफिसच्या जागा भाड्याने घेऊन पुढे भाड्याने द्यायची, पण स्वतःला टेक म्हणवायची. २०१९ च्या सुरुवातीला तिचं मूल्य ४७ अब्ज डॉलर धरलं गेलं. त्याच वर्षी हिशेब लोकांसमोर आले आणि शेअरविक्री गुंडाळावी लागली. २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. नव्या खुर्चीसाठी नवी जागा भाड्याने घ्यावी लागत असेल, तर तो कुंदाच आहे, कृती नव्हे.

आमच्या पोरांनी काय विचारावं

मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी दोनच प्रश्न विचारायला सांगतो. तुमचं बिल कशावर होतं? आणि मी केलेल्या कामाची मालकी कुणाकडे राहते? उत्तर ऐकून नोकरी नाकारा, असं मी म्हणत नाही. जॉब वर्कवरच उद्यमबागेत हजारो चुली पेटतात, माझीही त्यातलीच. पण आपण कृती लिहितोय की आचारी म्हणून जातोय, हे पहिल्या दिवशी माहीत असावं. मेकॅनिकलच्या मुलांनी तर ऐकावंच. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा ब्लॉक नसतो, सिलिंडर हेड नसतं. ही कामं करणाऱ्या फौंड्र्यांचं गिऱ्हाईक घटलं तर त्या दिवशी पॅटर्न परत जातील आणि शेल्फ रिकामं होईल. ज्यांची स्वतःची ड्रॉइंगं आहेत त्यांच्या शेल्फवर काहीतरी उरेल. हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह स्वतःच्या नावावर विकणारे कारखाने बेळगावात आहेतच, ते काही आकाशातून पडले नाहीत.

आमच्या मालकांनी गेल्या दिवाळीनंतर एक काम हाती घेतलं. खानापूर-चिक्कोडी भागातल्या गुऱ्हाळांसाठी उसाच्या चरकाचा रोलर, आमच्याच डिझाइनचा. पॅटर्न आमच्या सुताराने केला. पहिल्या बारा रोलरांतले चार बाद झाले, कडेला आकुंचन येत होतं. रायझरची, म्हणजे आकसणाऱ्या भागाला जादा लोखंड पुरवणाऱ्या पोकळीची, जागा बदलली, पुन्हा ओतले, तेव्हा एकच बाद. संध्याकाळी मी ड्रॉइंगच्या कोपऱ्याचा फोटो काढून भाच्याला पाठवला. गिऱ्हाइकाच्या जागी आमच्या फौंड्रीचं नाव होतं.

पाच मिनिटांत त्याचा फोन आला. “मामा, रिव्हिजन नंबर दिसेना. किती आहे?”

“सकाळी शून्य होता,” मी म्हणालो. “आता एक.”